कोरी चकती

शेंडकुरणात सुकन्या बिरनाळेला कुणी पाण्यालासुद्धा विचारत नसे. गाव परकं नव्हे, तिचं माहेर. ह्याच गावात ती शाळेला गेली, इथल्याच फडांत तिनं चोरून ऊस मोडले, आणि नवऱ्याशी पटेना म्हणून परत आली तीही इथंच, थोरल्या भावाच्या परसदारच्या खोलीत. पण सकाळी पाठीला पिशवी लावून ती अंगणवाडीच्या गच्चीची शिडी चढू लागली, की पोरं सोडायला आलेल्या बाया तोंडाला ओढण्या लावायच्या. हवेत धूर असायचाच, पण ओढणी धुरासाठी नसे.

"आली बघ चाडीवाली," एखादी म्हणायची, तिला ऐकू जाईल एवढ्या बेतानं. "आज कुणाचा नंबर काढती कुणास ठावं."

चाडी म्हणजे गच्चीवरचं यंत्र. सरकारनं त्याला 'अल्पप्रवाही वायुनमुना संकलक' असं भारदस्त नाव दिलं होतं, आणि ते नीट उच्चारेपर्यंत हातातला चहा गार व्हायचा. सुकन्या आपली 'सँपलर' म्हणायची. तीन पायांवर उभा डबा, वर नळी, नळीच्या टोकाला उपड्या वाटीसारखी टोपी, आत छोटा पंप. हा पंप मिनिटाला सोळा-सतरा लिटर हवा ओढतो, म्हणजे स्वस्थ बसलेला माणूस घेतो त्याच्या दुप्पट. धबाधबा हवा ओढणारी मोठी यंत्रंही असतात, पण हे दिवसरात्र माणसासारखं संथ श्वास घेत बसतं. आत शिरताना हवेला अशी वळणं दिलेली असतात की जाड धूळ तिथंच आपटून राहते. फुफ्फुसाच्या तळाशी पोहोचणारे बारीक कण तेवढे पुढं सरकतात आणि बिस्किटाएवढ्या एका पांढऱ्या चकतीवर अडकतात. चकती आधी तोलायची, यंत्रात बसवायची, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला काढून पुन्हा तोलायची. वजनात जो फरक पडेल तो गावानं दिवसभरात छातीत भरून घेतलेला मळ.

नुसत्या वजनाला शेंडकुरण कधी घाबरलं नव्हतं. धूर सगळ्यांचा, मग पाप कुणाचं? गाव गुऱ्हाळांचं. ऊस गाळायचा, उरलेलं चिपाड वाळवून चुलवाणात जाळायचं आणि वरच्या काहिलीत रस आटवून गूळ करायचा, ही वाडवडिलांपासूनची पद्धत. पुढं चिपाड कागद कारखानेवाले उचलू लागले, आणि काही जण चुलवाणात जुन्या टायरचे तुकडे कोंबू लागले. अंगणवाडीतल्या पोरांच्या दप्तरांत पाटीशेजारी दम्याचे पंप आले. टायर कोण जाळतंय असं विचारलं की प्रत्येक जण शेजारच्या धुराड्याकडं बोट दाखवायचा. उचलली जीभ लावली टाळ्याला, त्याला काय लागतं?

मग 'पारखी' आली. कोल्हापूरच्या प्रयोगशाळेतलं हे नवं यंत्र चकती तोलत नसे, वाचत असे. लेसरच्या किरणानं चकतीवरचा एकेक कण पेटवायचा आणि त्याच्या वाफेत कुठली मूलद्रव्यं किती आहेत ते पाहायचं, असं त्याचं काम. आता प्रत्येक चुलवाण आतून मातीनं लिंपलेलं असतं, आणि ती माती ज्याच्या त्याच्या रानातली, ज्यानं त्यानं आपापल्या पद्धतीनं राख घालून तुडवलेली. आगीनं भाजून तिचे खवले सुटतात आणि धुराबरोबर वर जातात. ते खवले म्हणजे त्या चुलवाणाची सही. गावातल्या झाडून सगळ्या सह्या पारखीला आधीच शिकवून ठेवल्या होत्या. चकतीवर रबराची काजळी किती आणि तिच्या संगतीला कुणाचे खवले जास्त, एवढं तिनं मोजलं की नाव बाहेर. नव्या कायद्यानं ह्या नावाला डोळ्यांनी पाहिलेल्या साक्षीदाराची किंमत दिली. नाव निघालं की चुलवाणाला सील, आणि सुनावणीत टिकलं की चुलवाण जमीनदोस्त.

तेव्हापासून चकती बोलू लागली आणि गाव सुकन्याशी बोलायचं थांबलं.

अपवाद एका पदमाकाकूचा. पद्मावती खोत, अंगणवाडीच्या मागच्या अंगाला तिचं गुऱ्हाळ. नवरा गेल्यापासून ती एकटीच ते रेटत होती आणि जाळव्या ठेवणं परवडेना म्हणून चुलवाणाच्या तोंडाशी बसून जाळही स्वतःच घालत होती. गुऱ्हाळाची एक जुनी रीत आहे. दारात आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. मग तो वैरी का असेना, रसाचा पेला नाहीतर कोमट गुळाचा खडा त्याच्या हातावर पडलाच पाहिजे. बाकीच्यांनी सुकन्यापुरती ही रीत मोडली. काकूनं मोडली नाही.

"बस की जरा. तुझी चाडी काय पळून जाती व्हय?" असं म्हणत ती काळ्याकुट्ट हातांनी गूळ फडक्यात बांधायची. "हितं खायाचं नसंल तर वर जाऊन खा. भावजय काय वाढती ते दिसतंय तुझ्या गालफडांवर."

"काकू, मला असलं चालत नाही गं. नियम हाय."

"नियमाला पोट न्हाई. तुला हाय."

नियम खरंच होता. नमुन्याच्या पिशवीत खायची वस्तू ठेवायची नाही आणि चकतीला चिमट्याशिवाय शिवायचं नाही. चिमटा सुकन्या न चुकता वापरायची. पण फडकं पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात जायचं, आणि शिडी चढण्याआधी दोन घास तोंडात. अख्ख्या गावात एका ठिकाणी मायेनं मिळणारा गूळ नाकारायचा म्हणजे काळीज दगडाचं हवं, आणि तिचं तसं नव्हतं.

संक्रांतीच्या तोंडावर, हंगाम ऐन भरात असताना, निकाल आला. रबर मर्यादेच्या कितीतरी वर आणि खवले सगळ्यांत जास्त खोतांचे. सगळ्यांत स्वच्छ गुऱ्हाळ निघालं भूपाल बिरनाळेचं, म्हणजे सुकन्याच्या सख्ख्या भावाचं. त्याच्या चुलवाणाचा एकही खवला चकतीवर नव्हता. शून्य म्हणजे स्वच्छ, असं सरकारनं धरलं आणि त्याच्या फाटकावर 'आदर्श गुऱ्हाळ' अशी निळी पाटी ठोकली. सरकारचं आणि शून्याचं सख्य जुनंच आहे.

खोतांच्या चुलवाणाला सील ठोकायला माणसं आली तेव्हा निम्मं गाव जमलं होतं. अर्धवट आटलेला रस काहिलीत तसाच करपला.

"पोरांच्या छातीत टायर भरतीस व्हय गं म्हातारे?" कुणीतरी ओरडलं. पाठोपाठ शेणाचा गोळा येऊन भिंतीवर फुटला. ज्यांनी स्वतः मागच्या हंगामात टायर जाळले होते त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

काकूनं गर्दीकडं पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ सुकन्यासमोर येऊन उभी राहिली.

"माझ्या चुलवाणात रबराचा एक तुकडा जरी गेला असंल तर पार्श्वनाथाची आण, हे हात झडून पडतील. आणि तू? रोज माझ्या जाळापाशी बसत हुतीस. माझा गूळ खात हुतीस. वास काढायला येत हुतीस व्हय गं?"

"काकू, नाव मी घेत नाही. यंत्र घेतं."

"यंत्राला कुणी धरून आणलं माझ्या दारात?" काकू थुंकली, सुकन्याच्या पायांपासून वीतभर अंतरावर. "चल, हो बाजूला. तुझी सावली माझ्या अंगावर नगं पाडूस."

काकूचा तोडलेला ऊस शेताच्या बांधावर वाळत पडला. तो गाळून द्यायला गावातलं एकही गुऱ्हाळ तयार होईना. सुनावणी पुढच्या सोमवारी होती, आणि जेसीबीवाल्याला येऊन राहायला आधीच सांगून ठेवलेलं होतं.

रविवारी सुकन्यानं पिशवी धुवायला काढली. बाजूच्या कप्प्यात शेवटचं फडकं तसंच राहिलं होतं, चिकट, काकूच्या बोटांचे काळे ठसे अजून वर असलेलं. तिनं ते बादलीत बुडवलं. पाणी काळं झालं आणि थोड्या वेळानं तळाशी बारीक, विटकरी रंगाची रेती बसली. तिनं ती चिमटीत घेऊन उन्हात धरली. ही चुलवाणाची भाजलेली माती होती, आणि गूळ खाल्लेल्या बोटांनीच ती चिमटा धरायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. गुन्ह्याचा पुरावा ती रोज स्वतःच्या पाठीवर घेऊन शिडी चढत होती.

ती तशीच कोल्हापूरला गेली. पारखी ज्याच्या ताब्यात होती तो तन्वीर शेख रविवारीही प्रयोगशाळेतच असायचा. चोख माणूस, पण बोलणं कोरडं.

"सर, मला आपल्या कोऱ्या चकत्या पारखीवर वाचून हव्यात."

दर आठवड्याला एक चकती कोरी जायची. तीच पिशवी, तोच चिमटा, तीच शिडी. ती सँपलरमध्ये बसवायची, पण पंप सुरू करायचा नाही. तशीच काढून परत आणायची. तिच्यातून हवा जातच नाही, म्हणून तिच्यावर जे काही सापडेल ते हवेतलं नव्हे, आणणाऱ्याच्या हातचं. नमुना शुद्ध आहे की नाही हे ओळखायची ही जुनी, साधी युक्ती.

"त्या तोलून झाल्यात," शेख म्हणाला. "वजनात फरक शून्य. शून्य काय वाचायचं?"

"सर, दहा-वीस कण चिकटले तर तराजूला कळणारसुद्धा नाही. पारखीला एकेक कण कळतो. साक्ष नव्या यंत्राची घेतोय आणि साक्षीदार तपासतोय जुन्या तराजूवर."

शेखनं चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. मग कपाट उघडलं.

पडद्यावर खवले एकेक करून उमटले. सगळे खोतांचे. रबराचा कण मात्र एकही नाही. ज्या चकतीतून हवेचा श्वासही गेला नव्हता तिच्यावर पदमाकाकूची सही होती.

"तुम्ही तिथं काय करत होता?" शेखनं विचारलं.

"गूळ खात होते."

त्यानं खुर्ची पडद्याकडं ओढली. मग त्यानं हातावरून आलेले खवले मूळ हिशेबातून वजा केले. खोतांचं नाव घसरून सगळ्यांच्या ओळीत जाऊन बसलं.

"मग हे एवढं रबर कुणाचं?" तो स्वतःशीच म्हणाला. "काजळीला हे दुसरं काहीतरी चिकटलंय, पण ते भट्टीचं तयार सिमेंट आहे. फौंड्रीत वापरतात तसलं. ते आपण नेहमी औद्योगिक वसाहतीच्या नावावर टाकतो."

सुकन्याला भाऊबीज आठवली. ओवाळून झाल्यावर भूपालदादा पाटावर बसून लाडू मोडत होता, आणि पारखी मातीवरून घर कसं ओळखते हे ती हौसेनं सांगत होती. आपल्या कामाचं कुणीतरी विचारतंय ह्याचंच तिला केवढं अप्रूप. "आणि चुलवाणाला मातीच नसली तर गं?" दादानं सहज विचारलं होतं. "मग यंत्र आंधळं," ती हसून म्हणाली होती. पुढच्याच आठवड्यात दारात टेम्पो आला होता आणि त्यातून करड्या पोत्यांची थप्पी उतरली होती.

भूपालनं नाकबूल केलं नाही. तो उलट खुर्चीत रेलून बसला.

"हळू बोल. वहिनी ऐकती."

"दादा, उद्या त्या बाईचं चुलवाण पाडणार हायत."

"पाडू देत. खोतीण आपली कोण लागती? बांधावरनं आपल्या आबांशी सात वर्सं भांडली तिची माणसं, इसरलीस? गुळाच्या खड्यावर इकली गेलीस व्हय गं तू?"

"अंगणवाडीत तुझी पोरगी बसती. तोच धूर तिच्या छातीत जातोय."

"तिला पुढच्या वर्सी कोल्हापुरात घालणार हाय." तो उठला आणि तिच्या अगदी जवळ आला. "एक ध्यानात ठेव. उद्या तोंड उघडलंस तर ओवाळणीचं ताट घेऊन ह्या उंबऱ्यात पाय ठेवायचा न्हाई. नवऱ्यानं टाकलेली तू, तुला मी ठेवून घेतली. आणि भुईवर कोण हाय तुझं?"

कुणी नव्हतं, हे खरं. सुकन्या खोलीवर जाऊन बसली. तिला राग आला होता, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटत होती. गप्प बसायला काहीच लागत नव्हतं. चकतीबद्दल शेखशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि त्यानं कळवायचं की नाही ते तिच्यावर सोडलं होतं. सकाळ झाली तेव्हा तिनं कपडे स्वतःच ट्रंकेत भरले. दुसऱ्या कुणी ते अंगणात फेकावेत एवढी वेळ तिला येऊ द्यायची नव्हती.

चावडीत माणूस मावत नव्हता. सुनावणीला आलेल्या अधिकारीणबाईंनी निकाल वाचायला घेतला आणि सुकन्या मध्येच उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं. फडकं, गूळ, कोरी चकती. भाऊबीजेला आपण काय बोललो ते. भूपाल बिरनाळेच्या चुलवाणाला आतून माती नाही तेही. 

आधी कुणाला उमगेना. मग एकदम गिल्ला झाला.

"म्हंजी आजवरच्या सगळ्या चकत्या खोट्याच की!"

"भावाला शिकवून ठेवलं, न आता सावपणाचा आव!"

"सख्ख्या भावाची न्हाई झाली ती गावाची काय हुणार?"

ज्यांचं काहीच बिघडलं नव्हतं तेही ओरडत होते.  भूपालनं पायातली चप्पल काढली, तिच्या दिशेनं भिरकावली आणि अनवाणी निघून गेला. दुपारी त्याच्या चिपाडाच्या गंजीखालून टायरचे तुकडे निघाले, ट्रॅक्टर भरून. निळी पाटी उतरली, त्या जागी सील लागलं आणि खोतांचं सील निघालं. जेसीबीवाला कंटाळून आधीच परत गेला होता.

संध्याकाळ व्हायच्या आत सुकन्या ट्रंक घेऊन खोतांच्या दारात गेली. काकू चुलवाणापुढं बसून आतली राख ओढत होती. तिनं वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

"काकू, चुकले मी."

"तुझ्या हातानं गेलं न तुझ्याच तोंडानं आलं," काकू म्हणाली. "फिटलं."

सुकन्या तशीच उभी राहिली. घसा कोरडा पडला होता. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

"काकू, घोटभर पाणी..."

"नळ भाईर हाय, रस्त्याला." काकूनं राखेचं घमेलं उचललं. "ऊस वाळला माझा. लोकांनी दारात शेण मारलं. कशापायी? तर माझ्या हातचा गूळ तुझ्या पिशवीत गेला म्हणून. आता ह्या दारातनं काय बी भाईर जाणार न्हाई. तुलाच न्हवं, कुणालाच न्हाई."

तिनं बोलल्याप्रमाणं केलं. आणि एकट्या तिनंच नव्हे. आपल्या घरचा कण दुसऱ्याच्या पदराला लागून गेला तर तो उद्या आपल्याविरुद्ध उभा राहतो, हे शेंडकुरण त्या दिवशी शिकलं, आणि असले धडे गावाला दुसऱ्यांदा शिकवावे लागत नाहीत. शेजारणीचं भांडं रिकामं परत करू नये म्हणून त्यात चिमूटभर साखर तरी घालायची पद्धत होती. आता भांडी घासून, पुसून, रिकामी परत जाऊ लागली. पुढं पुढं तर कुणी मागेनासंच झालं. गुऱ्हाळांच्या फाटकांना कड्या लागल्या आणि रसाचे पेले आतल्या आत पिऊन होऊ लागले. पुढच्या संक्रांतीला माणसं रस्त्यात भेटली, एकमेकांना हात जोडले आणि तिळगूळ न देताच पुढं गेली.

हवा सुधारली, हे खोटं नाही. रबर बंद झालं, अंगणवाडीतले दम्याचे पंप निम्म्यावर आले. कोरी चकतीही पारखीवर वाचायची असा नियम झाला. सुकन्याला खात्यानं कडक समज दिली आणि त्याच जागेवर ठेवलं, कारण शेंडकुरणात जायला दुसरं कुणी तयार होईना. ती तालुक्याला खोली घेऊन राहिली. भाऊबीजेला तिनं ताट काढलं नाही. रोज सकाळी स्कूटरवरून यायची, घरून आणलेलं पाणी प्यायची, चकती बदलून निघून जायची. ओढण्या आता कुणी तोंडाला लावत नसे. ती समोरून गेली तरी बाया आपल्या बोलत राहायच्या, जणू तिथं कुणी नाहीच.

असंच एकदा ती गच्चीवर असताना शेखचा फोन आला. एरवी कोरडा असणारा माणूस चक्क खुशीत होता.

"अभिनंदन, मॅडम. तुमची कोरी चकती ह्या खेपेला खरोखर कोरी आहे. एक कण नाही. मी राज्यातल्या सगळ्या वाचतोय, इतकी स्वच्छ दुसरी कुठलीच नाही. कसं काय जमवलंत?"

खाली खोतांच्या गुऱ्हाळात काहील उतरत होती आणि ताज्या गुळाचा वास गच्चीपर्यंत आला होता. सँपलर आपला संथपणे तो आत ओढत होता.

"काही केलं नाही, सर," सुकन्या म्हणाली.

तिनं फोन ठेवला आणि दोन्ही हात नाकाशी नेले. हातांना कसलाच वास नव्हता.